नूरजानची पिवळी फाल्कन

त्या वर्षी नूरजान चेतिनकायाच्या गाडीला हसला नाही असा माणूस मेलबर्नच्या कॅम्पबेलफील्ड उपनगरातल्या वर्कशॉपांत शोधूनही सापडला नसता. खरं सांगायचं तर गाडी होतीच तशी. फोर्डची जुनी फाल्कन, टॅक्सीचा भडक पिवळा रंग, तोही उन्हाने ठिकठिकाणी विटलेला. दारावरची कंपनीची पाटी खरवडून काढलेली, पण तिथला चौकोन अजून नवाकोरा पिवळा. छपरावरचा दिवा गेला, त्याच्या भोकांवर ठिगळं. असल्या ध्यानाच्या पोटात या बाईने टर्बोचं इंजिन बसवलं होतं, आणि ते चालत होतं गॅसवर.

शर्यतीची गाडी गॅसवर चालवणं म्हणजे पैलवानाला पेज पाजून आखाड्यात उतरवणं, अशी आमच्याकडची समजूत. गॅस असायचा तो टॅक्सीला आणि मागच्या अंगणातल्या शेगडीला.

"नूर, डिकीवर एक जाळी पण बसव," डीन म्हणाला. दोन गल्ल्या सोडून याचं पत्र्याच्या कामाचं दुकान, आणि दारात काळीकुळकुळीत टर्बो फाल्कन, पेट्रोलवर चालणारी. "दोन फेऱ्यांच्या मध्ये सॉसेज भाजता येतील."

"बसवते की. पण पहिला तुझा पिस्टन भाजणार त्याच्यावर."

नूरजानची जीभ ही अशी. सतराव्या वर्षी गॅस बसवण्याच्या वर्कशॉपात शिकायला लागली, तेव्हा तिथले पुरुष तिला चहाच सांगायचे. तिने चहा इतका वाईट केला की आठवड्याभरात तिच्या हातात पाना आला. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. शहरातल्या निम्म्या टॅक्सी तिच्याकडे येऊन गेल्या असतील. पण तिच्या डोक्यात भुंगा होता तो वेगळाच.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त तेवढी ताकद जास्त. पण हद्दीबाहेर कोंबली की पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिन आतून टकटकायला लागतं. गॅस तसा सहजासहजी भडकत नाही, त्यात कितीतरी जास्त हवा कोंबता येते. मग गॅसची गाडी मरतुकडी का? कारण लोक पेट्रोलसाठी बांधलेल्या इंजिनाला गॅस जोडतात आणि वर त्यालाच नावं ठेवतात. नूरजानने इंजिन बांधलं ते गॅससाठीच. गेले दोन हिवाळे तिचे त्यातच गेले होते.

हे झालं इंजिनाचं. रंगाची गोष्ट निराळी आहे, आणि ती तिच्या बाबांची आहे.

शुक्रू चेतिनकाया तुर्कस्तानातल्या योझगातहून आला, फोर्डच्या कारखान्यात दारं बसवली, मग सत्तावीस वर्षं टॅक्सी चालवली. रात्री दारुड्यांनी मागच्या सीटवर ओकून ठेवलं, पोरं भाडं न देता पळाली, कुणी त्याच्या बोलण्याची नक्कल केली. गावी मात्र त्याने कळवलं होतं की आपला वाहतुकीचा धंदा आहे. नूरजान शाळेत होती तेव्हा तो तिला फाटकापाशी कधीच सोडत नसे. अलीकडच्या वळणावरच गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, "जा, पोरी, इथून चालत जा." तिला वाटायचं, बाबांना आपलीच लाज वाटते. त्यांना लाज कशाची वाटायची हे कळायला तिला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावर तिला त्याहून जास्त वाईट वाटलं. ज्या गाडीने घर उभं केलं, तिच्या आईची दवापाण्याची वर्षं काढली, तिची फी भरली, ती गाडी वळणाआड लपवायची?

पाठीने दगा दिल्यावर शुक्रूने धंदा सोडला आणि गाडी भंगारात द्यायला काढली. "सुट्या भागांसाठी मला द्या," असं खोटं सांगून नूरजानने किल्ली घेतली. तीच ही गाडी. याच गाडीशेजारी, चार लोकांसमोर, बाबांनी एकदा ताठ उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्यांदा ती कॅल्डरच्या शर्यतीच्या पट्टीवर उतरली ती जुलैच्या थंडीत; आमच्याकडे हिवाळा तेव्हा, आणि उन्हाळा जानेवारीत. तिथे दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, पिवळे दिवे उतरत येऊन हिरवा लागला की सुटायचं, पाव मैलाच्या रेषेपलीकडे आधी जाईल तो जिंकला. नूरजान सुटली ती बाणासारखी. अर्ध्यावर गाडीने आचके दिले, खोकली, आणि लंगडत कशीबशी रेषेपलीकडे गेली. कुंपणापाशी हशा पिकला.

"ए टॅक्सी, मीटर तरी बंद कर!"

बॉनेट उघडलं तर आत बर्फ. टाकीतून येणाऱ्या पातळ गॅसची वाफ करणारा एक डबा असतो, इंजिनाच्या गरम पाण्यावर तापणारा. टॅक्सीला एक पुरतो, म्हणून हिनेही एकच ठेवला होता. टर्बोची भूक त्याला कुठली झेपणार? डबा गोठला होता, वर पांढरं कव्हर चढल्यासारखा. उभ्या आयुष्यात शेकडो डबे बसवलेली बाई, पण टॅक्सीच्या सवयीने चुकली. घरी येईपर्यंत ती स्वतःला शिव्या देत होती.

बातमी तिच्या आधी तुर्कांच्या चहाच्या दुकानात पोचली, आणि तिथून शुक्रूच्या कानात.

"रस्त्यात बंद पडली म्हणे," तो जेवताना म्हणाला.

"डबा गोठला, बाबा. आता दोन बसवते."

"दोन बसव नाहीतर दहा. आधी तिला काळा रंग दे. लोक टॅक्सीला हसत होते, पोरी. सत्तावीस वर्षं ऐकलं मी ते हसणं. तुला ऐकायला लावायचं नव्हतं मला."

"रंग बदलणार नाही."

"मग मला तिथे बोलावू नकोस."

दोघंही एकाच मातीची, हट्टाला पेटली की मागे हटणार नाहीत. नूरजानने दोन डबे बसवले, दोघांना गरम पाण्याच्या स्वतंत्र नळ्या दिल्या, आणि गाडी पिवळीच ठेवली. घरात त्या विषयावर कुणी बोलेना.

जानेवारीतल्या शर्यतीच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की डांबराला बूट चिकटत होते. नूरजानची आई फादिमे सकाळीच चीज भरलेल्या खुसखुशीत बोरेकची परात बांधून तयार झाली.

"शुक्रू, मी लेकीकडे चालले. तुझं जेवण फ्रिजमध्ये आहे. गिळ एकटा."

"या उन्हात तू गाडी चालवणार?"

"मग कोण चालवणार? घरात एक ड्रायव्हर होता, त्याला लाज वाटते."

शुक्रूने किल्ली हिसकावून घेतली. पण कॅल्डरला पोचल्यावर तो गाडीतून उतरला नाही. फादिमे परात घेऊन आत गेली आणि तो काच अर्धी खाली करून कुंपणाबाहेर बसून राहिला. तिथून पट्टी दिसत होती.

नूरजानला आईने सांगितलं, "तुझा बाप बाहेर बसलाय." तिने मान हलवली आणि हेल्मेट चढवलं.

त्या उन्हात पेट्रोलच्या टर्बो गाड्या नांगी टाकू लागल्या. हवा तापलेली, इंजिनं तापलेली. टकटक टाळायला त्यांचे कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करत होते. प्रत्येक फेरीला लागणारा वेळ वाढत होता. पिवळी मात्र सकाळी धावली तशीच दुपारी धावली. कुंपणाकडचं हसणं आधी थोडं ओसरलं, मग लोक फलकावरचे आकडे बघायला लागले. दुसऱ्या फेरीत शेजारी डीनची काळी आली.

"विमानतळाला सोडतेस का?" त्याने काच खाली करून विचारलं.

"आधी मागे बस," नूरजान म्हणाली.

हिरवा लागला. अर्ध्यापर्यंत काळी पुढे होती. मग पिवळीचा टर्बो भरला आणि काळी जी मागे पडली ती मागेच राहिली. बॉनेटखाली यंदा बर्फाचा कणही नव्हता. फादिमेने परात खाली ठेवून अशा काही आरोळ्या ठोकल्या की दोन बायांनी तिला पाणी आणून दिलं.

तिसरी फेरी. ही जिंकली की अंतिम. नूरजान दिव्यांकडे बघत होती, पण खरं तर कुंपणाबाहेरच्या त्या गाडीकडे बघत होती. तिचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. बाबा उतरले, एवढंच तिच्या मनात आलं आणि पाय पॅडलवर पडला. हिरव्याच्या आधी. समोर लाल दिवा पेटला. बाद.

ती परत आली तेव्हा डीन, त्याची मित्रमंडळी, कुंपणावरचे दहाबारा लोक बॉनेटभोवती जमले होते. त्यांना बाजूला सारत शुक्रू आला. पाठीत वाकलेला, तोंड लाल.

"लाल दिवा?" तो ओरडला. "सत्तावीस वर्षं याच शहरात टॅक्सी चालवली मी. याच गाडीने चालवली! एकदा लाल दिवा तोडला नाही. आणि माझी मुलगी सगळ्या दुनियेसमोर—"

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो आणि किती जणांसमोर बोललो, हे त्याच्या लक्षात आलं असावं. नूरजानने हेल्मेट काढलं. हरल्याचं तिला काहीही वाटत नव्हतं.

"ही तुमची टॅक्सी होती?" डीनने विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

शुक्रूने पाठ सरळ केली, जितकी होत होती तितकी, आणि गरम छपरावर हात ठेवला. चटका बसला असणार, पण हात काढला नाही.

"माझी. कमावली मी, उडवली हिने."

डीन थोडा घुटमळला. "नूर, माझ्या गाडीला असाच गॅस बसवून देशील का?"

नूरजान काही बोलणार त्याआधी तिचा बाप बोलला.

"देईल. पण आधी तो काळा रंग काढ आणि गाडी पिवळी करून आण."