ऑर्फामावशीचं सूनरपण

चर्चच्या वळणावर एक घोडागाडी थांबली. गाडीवानाने "बसा की," म्हटलं, पण ऑर्फामावशीने हातानेच त्याला पुढे घालवलं.

"मिरवणुकीत चालायचंय मला. पायांना सवय नको?" ती म्हणाली.

आम्हा दोघींची गावाकडची निम्मी वाट झाली होती. आमच्या ओक्लाहोमातले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. गाव कधीचं दिसत राहतं, पण येत काही नाही. मावशीच्या काळ्या झग्यावर लाल धूळ चढली होती, तिचं तिला काही नव्हतं.

एप्रिलमध्ये आमच्या गावात जुन्या वसाहतकऱ्यांची मिरवणूक निघते. अठराशे एकोणनव्वद साली सरकारने हा मुलूख वसाहतीला खुला केला; दुपारी बाराचा इशारा झाल्यावर सीमेवरून दौडत येऊन ज्यांनी जमिनी धरल्या, ते छातीवर निळी फीत लावून पुढे चालतात. इशाऱ्याआधीच जे लपून आत शिरले, ते सूनर. त्यांना फीत नाही. मावशी आणि तिचे यजमान डेल सूनर म्हणूनच ओळखले गेले. यंदा मावशीला पुढच्या रांगेत चालायचं होतं. समिती नको म्हणत होती, आणि समितीचे प्रमुख माझे सासरे.

"ते म्हणतात, तुम्ही मागे चाला, पोरांबरोबर," मी भीत भीत सांगितलं.

"पोरांबरोबर? विद्यापीठाची ती चेंडू खेळणारी पोरं स्वतःला सूनर म्हणवतात, छाती काढून. माझी लेक शाळेतून रडत यायची या नावापायी. आता नाव चांगलं झालं आणि मी वाईटच राहिले होय गं, एफी?"

मग चालता चालता तिने सगळं सांगितलं.

"आदल्या दिवशीच शिरलो आम्ही. ओढ्याकाठी आलुबुखाराची दाट जाळी होती, तिच्यात बसलो. दुपारी सूर्य डोक्यावर आला तसे बाहेर आलो, ही जमीन आमची म्हणून खुंटी ठोकली. डेलना वाटलं, खेचर दमल्यासारखं दिसायला हवं. म्हणून घामाचा फेस वाटावा असा कपड्यांचा साबण फेसाळून त्याच्या अंगावर चोळला. चांगला पांढराशुभ्र फेस. मागून सीमेवरून खरे स्वार आले, त्यांचे घोडे घामात धूळ कालवून लाल चिखलाने माखलेले. एकजण म्हणाला, 'अहो, तुमचं खेचर न्हाऊन निघालंय की काय?' धुळीची आठवणच राहिली नाही बघ आम्हाला."

मला हसू आवरेना. तीही हसली.

"मग जमिनीच्या कचेरीत खटला. बायबलवर हात ठेवून सांगायचं, की इशाऱ्यानंतरच आलो. डेल सांगणार होते. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, जमीन गेली तर दुसरी बघू. देवाच्या नावावर खोटं नको. खरं सांगितलं आणि जमीन गेली. शिक्का तेवढा मिळाला."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण चोरी केली ती कबूल केली, एवढंच माझ्या हातात होतं. आणि ज्यांची ही जमीन मुळात होती, ते इथले आदिवासी आमच्याही कितीतरी आधीचे. त्यांना कुणी विचारलं?"

मग ती सहज म्हणाली, "त्या जाळीत आम्ही दोघंच नव्हतो. पलीकडे आणखी एकजण होता, तरणाबांड, शिट्टी वाजवायचा. कचेरीत त्याने बायबलवर हात ठेवला आणि सगळं नीट सांगितलं. दौडत आलो म्हणून."

माझी पावलं मंदावली. आमचं घर त्याच ओढ्याकाठी आहे, आणि सासरे अजून काम करताना शिट्टी वाजवतात. मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, कुणासाठी ते माझं मला कळेना.

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. "मला त्यांची फीत नको. मी माझ्या नावानेच चालणार, पहिल्या रांगेत. कुणी विचारलंच तर आम्ही काय केलं ते सांगेन."

गावची पाण्याची टाकी जवळ आली होती. मावशीने माझा दंड धरला.

"एक काम कर पोरी. घरी गेलीस की सासऱ्यांना सांग, ऑर्फा टिडवेल फक्त आपलंच सांगणार आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. त्यांनी बिनघोर चालावं. आणि माझ्या शेजारी जागा ठेवावी."