कापसाच्या गंजीवरची फळी

ते प्रकरण आठवलं की आजही मी हातातला चहा आधी खाली ठेवतो. एकदा सांगता सांगता अख्खा कप धोतरावर सांडला आहे.

मी तेव्हा वर्ध्याकडे ठाणेदार होतो. आंजीच्या बाजूच्या एका जिनिंगचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, चौकीदार घाबराघुबरा ठाण्यात आला. "साहेब, मालक जादूटोणा करून राह्यले! सकाळी मजूर यायच्या आधी कापसाच्या गंजीवर फळी टाकतेत. तिच्यावर मेणबत्ती घासतेत, पेटवत नाईत! मंग पालथे पडून हात मारतेत, अन् एकदम उठून उभे!"

खबर ठाण्यात यायच्या आधी पुलगावला पोचली होती. मालकांच्या मुलीचं लग्न तिथल्या एका दुकानदाराच्या घरी ठरलं होतं, साखरपुडा चार दिवसांवर आला होता. होणाऱ्या सासऱ्याने निरोप धाडला, करणीवाल्याच्या घरची सून नको. पोरीने रडून डोळे सुजवून घेतले होते. मला तिची फार कीव आली.

मालकांना चौकशीला बोलावलं. बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, सभ्य माणूस. खुर्चीत बसताक्षणीच म्हणाले, "हो साहेब, करतो मी जादू. टाका गुन्हा."

इतक्या लवकर कबूल होणाऱ्याचा मला नेहमीच संशय येतो. मी म्हटलं, "मंत्र म्हणून दाखवा." त्यांनी गणपतीची आरती सुरू केली. हवालदार सवयीने टाळ्या वाजवू लागला, त्याला मी डोळे वटारले.

अंगझडतीत खिशातून विमानाचं तिकीट निघालं. अंदमानचं! हवालदार ओरडला, "साहेब, हे तं काळ्या पाण्यावर सोताहून चालले!"

तेव्हा मालकांचा बांध फुटला. "तिथून बोटीनं पुढे एक बेट हाय साहेब. हॉटेल नाई, दुकान नाई, नुसती वाळू. काठाशी लाटा फुटतेत. फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं. मोबाईलवर पाह्यलं, तवापासून झोप नाई. गंजीवर त्याचीच तालीम करतो. पाय घसरू नये म्हणून मेण लावतेत. लेकीच्या सासऱ्याले समजलं का ह्या वयात हाफपँट घालून लाटेवर चाललो, तं तोंड दाखवाले जागा राह्यते का?"

"अन् जादूटोण्याने राह्यते?" मी भडकलो.

दुसऱ्या दिवशी दोन पंच, मुलगी आणि पुलगावचे दुकानदार यांच्यासमक्ष प्रात्यक्षिक ठेवलं. मालक गंजीवर पालथे झाले, हात मारले, टुणकन उभे राहिले. फळी सुटली आणि माणूस डोकं खाली करून कापसात गडप. वर फक्त तळवे!

मुलगी ओठ दाबून उभी होती. हसू येत होतं, पण नजर सासऱ्याच्या तोंडाकडे. दुकानदार गंजीला फेरी मारून आले. चपला काढल्या, धोतर खोचलं आणि कापसात हात घालत म्हणाले, "उठा इवाई, आता मले चढू द्या."

'इवाई', म्हणजे व्याही, हे ऐकलं आणि पोरगी हसता हसता रडायला लागली.

गुन्हे कबूल करणारे मी पुष्कळ पाहिले, पण आपली हौस कबूल करायला माणसाला त्याहून जास्त छाती लागते, हे मी त्या सकाळी शिकलो. 'जादूटोणा आढळला नाही' असा शेरा मारून चौकीदाराची तक्रार निकाली काढली. फळीवरून एकूण तिघं पडले, त्यातला तिसरा ठाणेदाराच्या वर्दीत होता, एवढी नोंद मात्र मी स्टेशन डायरीत घेतली नाही.