चंद्रीची धार आणि सौंदर्याची पोटगी

त्या काळात मी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टाइपरायटर मांडून बसायचो. अर्ज, करारपत्र, प्रतिज्ञापत्र, पानाला चार रुपये. माणसं देवापुढं बोलत नसतील एवढं खोटं माझ्यापुढं बसून बोलायची आणि मी ते तीन प्रतींत काढून द्यायचो. पाप लागत असेल तर पहिली प्रत त्यांची, कार्बनची माझी.

नव्व्याण्णव सालचा दसरा झाला आणि नागाप्पा गवळी माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. शिवाजी पेठेत आमची घरं एकाच गल्लीत. त्याच्या दोन म्हशी होत्या, एक म्हातारी आणि एक चंद्री. संध्याकाळी चंद्रीला कट्ट्यावर उभी करायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा धंदा. तालमीतली पोरं दोन-दोन ग्लास रिचवून पैसे सोमवारी देतो म्हणायची. कुठला सोमवार, ते कधी सांगायची नाहीत. नागाप्पा माणूस कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नाही, पण हेकट असा की आडवं लावलं तर म्हसोबा परवडला.

त्याच्या हातात कोर्टाचा कागद होता. बायकोनं पोरीच्या पोटगीची थकबाकी मागितली होती. महिना तीनशे, बहात्तर महिने, एकवीस हजार सहाशे रुपये. कट्ट्यावरचं दूध, पेंडीचं बिल आणि घरभाडं यांचा मेळ घालता घालता ज्याच्या खिशात महिन्याअखेर शंभराची नोट टिकत नव्हती, त्यानं एवढे पैसे आणायचे कुठून? आधीही दरवर्षी नोटिसा आल्या होत्या. त्या त्यानं गोठ्याच्या वाशात खोचून ठेवल्या होत्या. कागद उघडलाच नाही तर लागू होत नाही, असं त्याचं कायद्याचं ज्ञान.

आता हे प्रकरण कसं झालं ते सांगतो, कारण गल्लीत त्याच्या चार आवृत्त्या आहेत आणि चारही चुकीच्या.

ब्याण्णव साली त्याची बायको शांतव्वा तीन महिन्यांच्या सौंदर्याला घेऊन माहेरून परत आली. त्याच आठवड्यात म्हैस व्याली आणि चंद्री जन्माला आली. नागाप्पानं म्हशीला जोंधळ्याच्या कण्या शिजवून गूळ घालून चारल्या. शांतव्वानं लाडवाला पावशेर डिंक मागितला, तर पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. तेही तिनं गिळलं असतं. पण माघातली थंडी, रेडकू कुडकुडायला लागलं, आणि या शहाण्यानं पाळण्यातल्या पोरीच्या अंगावरचं दुपटं काढून रेडकाला पांघरलं. सकाळी शांतव्वानं पोरगी उचलली आणि शाहूपुरीत भावाकडं निघून गेली. दुपटं तिथंच राहिलं, चंद्रीच्या अंगावर.

शांतव्वाचा भाऊ शिवशरण याचं शाहूपुरीत सरकी-पेंडीचं दुकान. त्यानंच तिला कोर्टात नेलं. मला त्यांचं काही नको, पोरीचं तेवढं द्या, असं तिनं तिथं सांगितलं, आणि त्र्याण्णव साली तीनशे रुपये ठरले. नागाप्पानं चार महिने दिलेही. पाचव्या महिन्यात शिवशरणनं भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर नोटा उजेडाला धरून बघितल्या आणि एक फाटकी म्हणून परत दिली. नागाप्पाला झोंबलं. त्यानंतर त्यानं छदाम दिला नाही. भांडण मेव्हण्याशी, उपाशी ठेवली पोरीला. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही.

तर चिंचेखाली बसून त्यानं मला प्रतिज्ञापत्र सांगितलं. मी गरीब आहे, माझ्याकडं म्हातारी म्हैस आहे, दुसरी आहे ती भाकड आहे, दूध देत नाही, सबब हप्ते बांधून मिळावेत. मी बोटं थांबवून विचारलं, चंद्री भाकड? सकाळीच तुझ्याकडनं अर्धा लिटर नेलंय मी. तो म्हणाला, तू टाइप कर की. मी केलं.

कोर्टात जज्जसाहेबांनी कागद वाचला, दिवाळीनंतरची तारीख दिली आणि चारशे रुपयांचा हप्ता बांधून देता येईल का, याचा विचार करू म्हणाले. नागाप्पा वाचल्यात जमा होता. त्याला फक्त तीन आठवडे गप्प बसायचं होतं.

पण मधे दिवाळीचा पाडवा आला. कोल्हापुरात पाडव्याला म्हशी पळवतात. वर्षभर शेणात बसलेली म्हैस त्या दिवशी नवरीसारखी नटते. शिंगांना रंग, कपाळाला मोरपीस, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात तोडे. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर कानठळ्या बसवत पुढं आणि म्हैस त्याच्या आवाजामागं वाऱ्यासारखी पळत. ज्याची म्हैस मालकाला सोडत नाही, त्याची पेठेत वर्षभर कॉलर ताठ. मी नागाप्पाला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगितलं, एवढ्या वर्षी चंद्रीला बाहेर काढू नकोस. त्यानं गळ्याची शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी तो उसन्या राजदूतवर होता. चंद्रीच्या पाठीवर रंगानं लिहिलं होतं, शिवाजी पेठेची शान. तीन पेठांच्या म्हशी तिनं मागं टाकल्या. एका वार्ताहरानं विचारलं, दूध किती देते? अशा वेळी गवळ्यानं खरं बोलू नये असं नाही, पण कमी बोलू नये असा नियम आहे. नागाप्पानं सांगितलं, दोन वेळचं मिळून चौदा लिटर. देत होती दहा.

तारखेला शांतव्वाच्या वकिलानं पेपरचं कात्रण पुढं केलं. फोटोत नागाप्पा, मागं चंद्री, खाली ठळक अक्षरांत चौदा लिटर. साहेबांनी एकदा फोटो बघितला, एकदा प्रतिज्ञापत्र बघितलं आणि विचारलं, ही भाकड आहे काय? नागाप्पाला तेव्हा तरी मान खाली घालावी की नाही? त्याच्या तोंडून गेलं, "न्हाय साहेब, चारच लिटर वाढवून सांगिटलं." सगळं कोर्ट हसलं. मी हसलो नाही, कारण त्या कागदाखाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं.

हुकूम झाला. महिनाभरात सगळी रक्कम भरा, नाहीतर महिनाभर आत जा. कट्ट्यावरचे बिनसनदी वकील म्हणाले, जाऊन ये, जेल भोगली की पोटगी फिटली. नागाप्पाला हे पटलं होतं, पिशवीत टॉवेलसुद्धा भरला होता. मग खऱ्या वकिलानं सांगितलं की आत बसून एक पैसाही फिटत नाही, बाहेर आलास की एकवीस हजार सहाशे तसेच उभे. हे ऐकून तो जेवढा हादरला नाही, तेवढा दुसऱ्याच विचारानं हादरला. महिनाभर चंद्रीची धार कोण काढणार? ती त्याच्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नव्हती. तो रडायला लागला. पोरीचं नाव निघाल्यावर जो माणूस सात वर्षं नुसता चिडत आला, तो म्हशीसाठी माझ्या टाइपरायटरवर डोकं ठेवून रडला, आणि मला त्याची कीव आली आणि संतापही आला.

शेवटी तडजोडीची बैठक झाली. शिवशरण रोख पाहिजे म्हणून अडून बसला. शांतव्वानं त्याला हातानं थांबवलं. ती म्हणाली, "रोख नगो. ती म्हस द्या. सगळं फिटलं म्हणून लिवून देतो मी."

आमच्याकडं बायकाही पुरुषांसारखं 'देतो, येतो' बोलतात. ती गवळ्याचीच पोर, म्हशीची किंमत तिला कळत होती. बाजारात चंद्रीचे वीस हजारांवर आले नसते. नागाप्पाकडं दुसरी वाट नव्हती. इथून पुढचे महिना तीनशे मात्र चालूच राहायचे होते. त्यानं चंद्री आणि तिचं रेडकू स्वतः शाहूपुरीपर्यंत चालवत नेलं, दुकानामागच्या शेडात बांधलं आणि वळून न बघता आला. पेठेत त्या दिवशी त्याला कुणी चिडवलं नाही. म्हणजे बघा.

पण चंद्रीला तडजोड मान्य नव्हती. शांतव्वा आठव्या वर्षापासून धारा काढणारी बाई. तिनं रेडकू पाजायला सोडलं, गुळाची भाकरी चारली, कासेवर कोमट पाणी मारलं. चंद्रीनं दूध चोरलं ते चोरलंच, वर चरवीला लाथ घातली. दोन दिवसांत कास दगडासारखी टणक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी शिवशरण लुनावरून आमच्या गल्लीत आला. नोटा उजेडाला धरणारा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "दाजी, जरा येताय काय?"

नागाप्पाला वाटलं, जिंकलो. म्हैस परत देतात आता. दाढी करून गेला. चंद्रीच्या पाठीवर थाप मारली, खाली बसला, आणि तिनं पान्हा सोडला. धार संपली तेव्हा शांतव्वा समोर येऊन उभी राहिली आणि तिनं भाव सांगितला. एका धारेचे पाच रुपये. रोज दोन धारा. महिन्याचे तीनशे. तो खूश झाला. मग ती म्हणाली, ते तीनशे पोरीच्या पोटगीत वळते होतील.

तो माझ्याकडं आला तेव्हा आपण पैसे देतोय की घेतोय, हेच त्याला कळेनासं झालं होतं. मी त्याला तीन वेळा समजावलं. मग म्हणाला, म्हणजे मी फुकट धार काढायची? मी म्हणालो, फुकट कशी, पोरीचा बाप म्हणून. करारपत्र मी टाइप केलं, आणि माझ्या आयुष्यातला तो पहिला कागद ज्यात सगळं खरं होतं.

तेव्हापासून तो रोज पहाटे आणि संध्याकाळी सायकल मारत शिवाजी पेठेतनं शाहूपुरीला जायला लागला. सौंदर्या रेडकाचं दावं धरून उभी राहायची. तिच्याशी काय बोलावं हे त्याला येत नव्हतं. म्हशीशी तो तासभर गप्पा मारायचा. पोरीला फक्त विचारायचा, कितवीत हाईस? ती सांगायची, दुसरीत. चार दिवसांनी पुन्हा विचारायचा. जूनमध्ये ती तिसरीत गेली, तेव्हा त्याला नवीन उत्तर मिळालं आणि तो मला सांगायला आला.

त्याच आषाढात पोटगी पावल्याच्या पावतीवर शांतव्वाची सही घ्यायला मी शाहूपुरीत गेलो. पाऊस कोसळत होता. नागाप्पा अंगात ताप घेऊन, डोक्यावर पोतं पांघरून आला होता. दात वाजत होते, तरी धार काढत होता. मला बघून त्याला चेव आला.

"बघ कृष्णात," तो म्हणाला. "ताप असू दे, न्हायतर पाऊस असू दे. चंद्रीला एक दिस ताटकळत ठेवलं न्हाय मी."

सौंदर्या दावं धरून उभी होती. तिनं वर बघितलं नाही. रागावून नाही, एखादं चुकलेलं गणित दुरुस्त करावं तसं म्हणाली, "चंद्रीला न्हाय."

नागाप्पाचे हात थांबले. शांतव्वा दारात होती. चंद्रीनं मान वळवून बघितलं, तरी त्याचे हात हलेनात, आणि अर्धी भरलेली चरवी त्याच्या गुडघ्यांत तशीच धरलेली राहिली. मी सही घेतली आणि टायपिंगचे पैसे न मागता निघालो.