चुलीत गेलेली कादंबरी

चुलीत कागद जळाल्याचा वास आला की मला सोलापूरची शाळा आठवते. शाळेत अभ्यासाला लावलेल्या कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणाचा बोध वहीत लिहावा लागे. मैत्रिणीकडून आणलेली दुसरी कादंबरी मात्र मी नुसत्या आवडीनं वाचत होते, शेवटची चार प्रकरणं उरली होती. दोन्हींना वर्तमानपत्राचं कव्हर. गोष्टींनी पोरी बिघडतात, असं कुणीतरी वडलांच्या कानात भरवलं. गिरणीत राबणाऱ्या वडलांना वाचता येत नव्हतं. दोन्ही पुस्तकं धरून त्यांनी विचारलं, "ह्यातलं शाळंचं कुठलं गं?" मी मैत्रिणीचं दाखवलं. दुसरं चुलीत गेलं. पुस्तक नाही म्हणून बाईंनी वर्गाबाहेर काढलं, तर वडील म्हणाले, "मग ऱ्हा की घरीच." राहिले, आणि उरलेली प्रकरणं वाचून काढली. शेवट अगदीच भिकार निघाला, हे अजून मी कुणाला सांगितलेलं नाही.