मूळ शूटिंगमधला आवाज

एम. ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, कारण त्याच्या जोडीला मी सिनेमा आणि माध्यमांची पदविकाही घेतली होती. अब्बांचं कोल्हापुरात लग्नाच्या शूटिंगचं दुकान. पोरगी एडिटिंग शिकून येईल, दुकानाला हातभार लागेल, असा त्यांचा हिशेब होता. इंग्रजीचं त्यांना ना सुख ना दुःख. अम्मीला मात्र काळजी होती की दोन्ही एकदम करताना मी झिजून जाईन. तिचं खरं निघालं.

सकाळी इंग्रजी विभागात तास असायचे आणि दुपारी विद्यापीठाच्या पार दुसऱ्या टोकाला सिनेमाचे. मधल्या उन्हातून चालत जायचं, झाडाखाली डबा उघडायचा, निम्मा खाल्ला की उठायची वेळ व्हायची. सकाळच्या मॅडम कादंबरीतलं एखादं पान वाचून विचारायच्या, हे कोण सांगतंय आणि त्याला काय दिसत नाहीये? दुपारचे सर चालू चित्रपट मध्येच थांबवून विचारायचे, कॅमेरा इथंच का ठेवलाय, पलीकडं का नाही? काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की दोघंही एकच गोष्ट विचारतायत. जाऊन सांगावं असं वाटलं होतं. पण मॅडमना सिनेमा हा अभ्यास वाटत नव्हता, सरांना कादंबरी म्हणजे नुसता कच्चा माल, आणि मला कुणाची समजूत काढण्याइतकं त्राण राहिलेलं नव्हतं.

त्यातच अब्बांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. आयुष्यभर तोच डोळा त्यांनी कॅमेऱ्याला लावलेला. ऑपरेशन लग्नसराई संपल्यावर करू म्हणाले आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मग सुट्टीच्या दिवशी हळद, साखरपुडा, लग्न, वलीमा, जे असेल ते. मी कॅमेरा धरायची आणि अब्बा मागे उभे राहून पाहुण्यांना सांगायचे, "जरा सरका, नवरी दिसू दे." घरी आलं की पाय सुजलेले असायचे. पाय गरम पाण्यात सोडून मी कादंबरी उघडायची. त्यातली वाक्यं अशी लांब असायची की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. सगळ्या वर्षाचं आठवतं ते हेच, पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

दुसऱ्या वर्षी सरांनी प्रत्येकाला एक छोटा माहितीपट करायला सांगितला. विषय आपला आपण निवडायचा. माझ्या वर्गातल्यांनी कुणी हुपरीचे चांदीचे कारागीर घेतले, कुणी शिरोळकडचा पूर. मला काहीच सुचत नव्हतं. डोकं रिकामं झालेल्या माणसाला विषय सुचत नाही, एवढंच मला तेव्हा कळलं.

अशा दिवसांत एका सकाळी दुकानात एक बाई आली. माझ्यापेक्षा थोडी मोठी, साधी सुती साडी, हातात डब्याची पिशवी. वारणानगरहून पहिल्या गाडीनं निघाली होती. तिनं अब्बांना ओळख सांगितली. काही वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं होतं. वडील साखर कारखान्यात कामाला होते, लग्न कॉलनीतल्याच हॉलमध्ये झालं होतं. अब्बांना ते आठवत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली आणि तिला बसायला खुर्ची दिली.

ती म्हणाली की लग्न टिकलं नाही, सोडचिठ्ठी झाली, ती परत माहेरी आली. आणि गेल्या थंडीत वडील वारले. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, जणू ते सांगायचं काम उरकून तिला पुढच्या बोलण्याकडं यायचं होतं.

"चाचा, वडलांचे फोटो हाईत माझ्याकडं," ती म्हणाली. "आवाज न्हाय. लग्नाची सीडी लावली, तर सगळीकडं गाणीच. ते बोलताना दिसत्यात, तोंड हलतंय, आणि वर गाणं."

ते खरंच होतं. लग्नाच्या सीडीत आम्ही सगळीकडं गाणी टाकतो. हॉलमधला गलका, भांड्यांचा आवाज, कुणाचं रडणं, कुणाचं ओरडणं हे गिऱ्हाइकाला नको असतं. मूळ शूटिंग आम्ही काही दिवस ठेवतो आणि मग पुसून टाकतो. अब्बांनी तिला तसं सांगितलंही. पण कपाटात जुन्या हार्डडिस्क पडलेल्या होत्या. त्यात बघते, असं मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक, माझी परीक्षा तोंडावर होती.

जाताना ती दारात थांबली. "एक सांगायचं ऱ्हायलं," म्हणाली. "मला फक्त वडील पायजेत. त्यांचा चेहरा नको." "त्यांचा" म्हणजे नवऱ्याचा हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

तिच्या लग्नाचं मूळ शूटिंग एका डिस्कवर मिळालं. अब्बा बघून म्हणाले, पुसायचं राहून गेलं असेल. पुढचे काही दिवस तास संपले की मी दुकानात बसून तेच बघत होते. आणि बघता बघता कळलं की नवरीचा बाप तिच्याच लग्नात फारसा दिसत नाही. तो सारखा चौकटीच्या कडेनं जात असतो. खांद्यावर टॉवेल टाकून पाण्याचं पिंप सरकवतो, म्हाताऱ्या पाहुण्याला खुर्ची देतो, कुणाच्या तरी हातातलं पोर घेतो आणि बाहेर जातो. कॅमेरा नवरा-नवरीकडं असतो. मी असे कडेचे तुकडे जमवत गेले. तो जिथं मधोमध होता ती जागा एकच, कन्यादानाची. तिथं तो पाट टाकून बसलेला, बायको एका हातानं तांब्यातून पाणी सोडतेय, आणि समोर नवरा.

नवऱ्याचा चेहरा मी कापून बाहेर काढला, चित्र मोठं करत करत. शेवटी फक्त हात उरले. वडिलांचे, आईचे, मुलीचे आणि नवऱ्याचे. पाण्याखाली चौघांचे हात एकात एक. तिथं कापायला जागाच नव्हती. मी तिला फोन केला आणि अडचण सांगितली. ती म्हणाली, "हात ऱ्हाऊ देत. हात कुणाचे ते मला एकटीलाच कळणार."

पण आवाज अजून मिळाला नव्हता. मंगलाष्टकं होती, बँड होता, बायकांचं बोलणं होतं, पण वडिलांचं एकही वाक्य नीट ऐकू येत नव्हतं. शेवटी एक विचित्र तुकडा सापडला. अब्बांनी जेवताना कॅमेरा टेबलावर ठेवला होता आणि बंद करायला विसरले होते. चित्रात नुसता मांडवाचा निळा पडदा, आणि आवाज अगदी जवळचा.

"पावणं, कॅमेरा ठेवा की खाली. जेवा आधी. लगीन कुठं पळून जातंय?"

अब्बांचं हसणं. ताटं सरकल्याचा आवाज. मग तोच माणूस, जरा खालच्या आवाजात, "तुमाला पोरगी हाय का हो? मग तुमाला कळंल. ही गेली की घरात माझ्याशी भांडायला कोण न्हाय. बायकू कवाच भांडत न्हाय. कटाळा येणार बघा." त्यावर अब्बा म्हणाले की त्यांनाही एकच मुलगी आहे, आणि ती भांडायला कमी नाही. दोघं हसले. मग कुणीतरी हाक मारली आणि तो उठून गेला. निळा पडदा बराच वेळ तसाच हलत राहिला.

मी अब्बांना बोलावून ते ऐकवलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, डोळे मिटून ऐकलं. "आता आठवला माणूस," म्हणाले. "बळंच जिलेबी वाढली होती मला." आणि थोड्या वेळानं, "माझा आवाज मात्र तुला शोधावा लागणार न्हाय. कुठलंबी लगीन लाव, मी मागनं ओरडतोयच." ते हे हसत म्हणाले. मला हसायला आलं नाही.

रविवारी सकाळी ती आली. मी तिला जोडलेली सगळी फिल्म दाखवली. कडेकडेनं जाणारा बाप, पिंप, खुर्ची, पोर, पाण्याखालचे हात. ती हात मांडीवर ठेवून बघत होती. शेवटी निळा पडदा आला आणि तिचे वडील बोलले. ती पुढं वाकली. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. "कटाळा येणार बघा" हे आलं की तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "एवढंच द्या. बाकीचं नको."

मी विचारलं, हातांचंही नको का. नको, म्हणाली. इतक्या दिवसांचं काम होतं ते. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, नुसतं अंग जड झालं. मी फक्त पडद्याचा तुकडा तिच्या मोबाईलवर घातला. आणि त्याच वेळी, ती उठायच्या आत, मी तिला विचारून टाकलं की ही जोडलेली फिल्म मी माझ्या अभ्यासक्रमासाठी दिली तर चालेल का. नाव घालणार नाही, गाव घालणार नाही.

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "न्हाय," म्हणाली. "तुमच्या अभ्यासासाठी माझा बाप न्हाय, ताई."

मी बरं म्हणाले. तिच्यासमोरच फिल्म पुसली, मूळ शूटिंगही पुसलं. खात्री झाल्यावर ती उठली. अब्बा तिच्यासोबत स्टँडवर गेले आणि बस मिळेपर्यंत थांबले. परत आले तेव्हा म्हणाले की वाटेत दोघं फारसं बोलले नाहीत, पण ती मोबाईल कानाला लावून चालत होती.

माहितीपटाची तारीख जवळ आली होती. मी घाईघाईनं विद्यापीठातल्या झाडांवर काहीतरी केलं. सकाळ, ऊन, पडलेली पानं, झाडाखाली अभ्यास करणारी मुलं. सरांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, सगळं दिसतंय, पण हे तू का दाखवतेयस ते कळत नाही. मी मान हलवली. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडं होतं, पण ते आता सांगायचं नव्हतं. इंग्रजीच्या पेपरात निवेदकावर प्रश्न आला. वर्गात उतरवून घेतलेलं उत्तर लिहिलं, पुरवणी मागितली नाही, वेळेआधी बाहेर आले. दोन्हीकडं पास झाले. कुणी पाठ थोपटावी असं काही नव्हतं आणि कुणी बोलावं असंही नव्हतं.

पुढं ढकलत आलेलं अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन अखेर त्या पावसाळ्यात झालं. डोळा बरा झाला, पण कॅमेरा त्यांनी पुन्हा घेतला नाही. आता मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते आणि लग्नसराईत शूटिंग करते. गिऱ्हाइकाला गाण्यांबरोबर मूळ आवाजाचीही एक प्रत देऊ का, असं मी विचारते. बहुतेक जण नको म्हणतात. कुणी हो म्हटलं की ते काम वाढतं, आणि मी ते करते.

कॉलेजात माझा तास दुपारचा असतो. वर्गातली निम्मी मुलं सकाळी कुठंतरी काम करून आलेली असतात. परवा मी एक कथा वाचून दाखवत होते, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी वहीवर डोकं टेकून गाढ झोपली. शेजारची तिला हलवायला लागली. मी हातानंच नको म्हटलं आणि आवाज थोडा खाली आणून पुढं वाचत राहिले.