उघाडीवरची पाळी

आमच्या गावात पुढारी व्हायला फार काही लागत नाही. घरासमोर पाच-सहा खुर्च्या मांडण्याइतकी जागा हवी आणि येईल त्याला चहा विचारायची सवय हवी. माझ्याकडे दोन्ही होतं. माझ्या वाटणीची जमीन मी केव्हाच गोदामाला भाड्याने दिली होती, त्यामुळे दिवसभर शेतीबद्दल विचार करायला मी मोकळा होतो. स्वतः शेती करत असतो तर इतकं सुचलं नसतं.

सुचलं ते काकीच्या शेताबद्दल. काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. भिवंडीच्या खाडीला लागून, दोन गोदामांच्या मधल्या फटीत तिचं खाजणातलं शेत अजून शिल्लक आहे. तिथे ती लाल भात करते. खारट जमिनीत येणारा हा भात दुकानात मिळत नाही आणि त्याचं बियाणंही विकत मिळत नाही. काकी ते पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर ठेवायची. दरवर्षी अर्धं पेरायचं, अर्धं घरात.

मी ठरवलं, हा भात सात घरांनी मिळून करायचा. आमची दोन घरं, शेजारच्या मुसलमान चाचांचं एक, आणि नारपोलीतल्या चार बायका, ज्यांचे नवरे कापडाच्या लूमवर असतात. त्यांच्यातल्या एकीला आम्ही सगळेच भाभी म्हणायचो. ती उत्तर प्रदेशातली. माहेरी लहानपणापासून चिखलात वावरलेली आणि आता एका खोलीत राहणारी. पहिल्यांदा शेतावर आली तेव्हा तिने चप्पल काढली, चिखलात पाय घातला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. मला वाटलं, काटा लागला.

"काकी, सात घरांना पुरायचं तर या वर्षी सगळं बियाणं पेरू," मी म्हटलं.

"सगलं कशाला? खाडीचा भरवसा न्हाय."

"बांध आहे ना. उघाडी आहे. आपण सात घरं आहोत."

काकीने माझ्याकडे पाहिलं. लग्नात वाढपी फारच आग्रह करायला लागला की माणूस ताटावर हात धरतो, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. पण तिने माळ्यावरून मुडी काढून दिली. अख्खी.

आता उघाडी म्हणजे काय ते सांगतो. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो. त्या बांधात एक दार ठेवतात, तीच उघाडी. भरती यायच्या आत त्यात फळी टाकायची, ओहोटी लागली की काढायची, म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी खाडीत जातं. काम एवढंच. हे काम कितीतरी वर्षं चाचांच्या घराकडे होतं. त्याबद्दल प्रत्येक शेतकऱ्याने सुगीला त्यांच्या घरी सूपभर भात द्यायचा, अशी रीत. चाचा घड्याळ बघत नसत, तिथी बघत. "आज अष्टमी, पानी मरतुकडं," असं म्हणत ते ओट्यावर बसून राहायचे. एकादशीनंतर मात्र, अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती जवळ आली की, त्यांना घरात चैन पडत नसे.

माझ्या नव्या पद्धतीत हे बसत नव्हतं. सगळ्यांचं शेत असेल तर जबाबदारीही सगळ्यांची, असं मी एका बैठकीत बोललो आणि मला स्वतःलाच ते फार आवडलं. मी मोबाइलवर सातही घरांतल्या मोठ्या माणसांचा ग्रुप काढला, पाळ्यांचा तक्ता केला, भरतीच्या वेळा टाकल्या. चाचांना शाल आणि नारळ दिला. "चाचा, आता तुम्ही आराम करा," मी म्हटलं. टाळ्या वाजल्या. चाचांनी नारळ हातात फिरवून बघितला आणि विचारलं, "म्हणजे उद्या येऊ नको?"

तरी ते दोन दिवस आले. दोन्ही वेळा ज्याची पाळी होती त्याने अदबीने सांगितलं, "चाचा, आज आमची ड्युटी आहे." तिसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

काकीने आणि भाभीने मोड आणलेलं बियाणं मुठीने उधळत चिखलात फोकलं. आठवड्यात बोटभर रोपं वर आली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची, पण रोपं बघायला दोघी एकदमच वाकायच्या. मी फोटो काढून ग्रुपवर टाकायचो.

त्या अमावास्येला पाळी माझी होती.

नेमकी त्याच दिवशी सासरची मंडळी आली आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं ठरलं. माझा गुडघाही दुखतच होता. मी ग्रुपवर लिहिलं, "आज मला जमत नाही, दुपारच्या भरतीआधी फळी टाकायला कोणीतरी जा." थोड्या वेळात पटापट अंगठे आले. अकरा. एका फळीला अकरा माणसं, मला हसूच आलं. बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, याला म्हणतात संघटना." आणि फोन पिशवीत टाकून कुंडात उतरलो.

प्रत्येकाने अंगठा दिला तो "वाचलं" म्हणून. आणि प्रत्येकाने दुसऱ्यांचे अंगठे पाहिले ते "जातो" म्हणून.

संध्याकाळी शेतावर पोचलो तेव्हा फळी बांधाला टेकवून ठेवलेली होती, कोरडी. शेतात पाणी गोदामाच्या भिंतीपर्यंत होतं आणि त्यावर आकाश इतकं सुंदर पडलं होतं की ते बघत राहिल्याची मला लाज वाटली. रोपं दिसत नव्हती. काकी बांधावर बसली होती.

"काकी, पाणी उतरेल."

"पानी उतरंल. मीठ उतरंल काय?"

चाचा तिथेच उभे होते. त्यांच्या ओट्यावरून त्यांना खाडी चढताना दिसली होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

"मग आलात का नाही?" मी विचारलं. विचारताना आवाज चढला, हे आठवलं की अजून मान खाली जाते.

"तुमची ड्युटी होती ना," चाचा म्हणाले. टोमणा नव्हता. "मी मध्ये पडलो असतो तर वाईट दिसलं असतं."

मीठ धुवायला गोडं पाणी लागतं आणि पावसाने त्या आठवड्यात पाठ फिरवली होती. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. टँकर मागवला. गोदामांच्या रस्त्यावर कंटेनर आडवे लागलेले, त्यातून तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. ड्रायव्हरने पाईप शेतात सोडला आणि विचारलं, "शेठ, स्विमिंग पूल बनाना है क्या?" सगळं पाणी दहा-पंधरा मिनिटांत जमिनीने गिळलं. भाभी पदर खोचून बघत होती.

"भैया, इतने में तो इसका मुँह भी नहीं धुलेगा," ती म्हणाली. तरीही पाईपातून गळणारं पाणी ओंजळीत घेऊन ती एकेका रोपावर घालत राहिली. मी तिला थांबवू शकलो नाही. काय सांगून थांबवणार होतो?

चार दिवसांत पात्यांची टोकं पांढरी पडली, मग पाती गवतासारखी आडवी झाली. मी काकीच्या माहेरी फोन लावला, निदान मूठभर लाल बियाणं मिळेल म्हणून. तिच्या भावाने सांगितलं, त्यांनी दोन वर्षांपूर्वीच जमीन दिली, तिथे आता कोल्ड स्टोरेज आहे. हवं तर बासमती पाठवतो म्हणाला.

पौर्णिमेला मी उघाडीवर लवकर गेलो. चाचा आधीच आलेले होते. त्यांनी फळी खाचेत बसवली, फटीत चिखल दाबला. आतल्या बाजूला राखण्यासारखं फार काही नव्हतं. वरच्या कोपऱ्यात, चटई अंथरावी एवढ्या जागेत, थोडी रोपं हिरवी दिसत होती. तिथे काकी आणि भाभी उकिडव्या बसून माती चाचपत होत्या. ती धरतील का, धरली तर ओंबी येईल का, हे दोघींनाही सांगता येत नव्हतं. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा काकी म्हणाली, "मना काय इचारतंस? त्यांना इचार," आणि रोपांकडे हात केला.

भरती बांधाला लागली. चाचा पाण्याकडे बघत होते, बायका मातीकडे. मी मधे उभा, हातात छत्री.

"चाचा, मी काय करू?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तू? तू घरी जा. उन्हात कशाला थांबतोस."

मी गेलो नाही. तिथेच उभा राहिलो, कोणाच्या पायात येणार नाही असा.