जून तेवढा सोडून

बेटावर कुठल्या महिन्यात जावं, हे विचारायला गावातली माणसं हमीदकडे यायची. कुणाच्या मुलीचं नवं लग्न झालेलं असायचं, कुणाचा जावई स्वस्तात तिकिटं मिळतायत म्हणून मागं लागलेला असायचा. हमीद पडवीत खुर्ची ओढायचा आणि सुरू करायचा. डिसेंबरात वारा असतो, पण आभाळ स्वच्छ. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्राला सुरकुती नाही. मार्चात ऊन चढतं, पण पाण्याचा तळ दिसतो. एप्रिलपर्यंत ठीक, पुढं नको. त्याच्या बायकोला, आबिदाला, हे सगळं पाठ होतं. आतून चहाचे कप आणता आणता ती पुढचं वाक्य त्याच्या आधी मनात म्हणून टाकायची. ती स्वतः मात्र तिथं कधीच गेली नव्हती.

श्रीवर्धनकडच्या खाडीकाठी त्यांचं घर. हमीद चोवीस वर्षं मालदीवमधल्या एका बेटावर हॉटेलात खानसामा होता. बेट केवढं, तर आख्ख्या बेटावर ते एकच हॉटेल. पाहुण्यांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. तेव्हा स्वयंपाकघरातल्या माणसाला आजारी पडायचीही सोय नाही. पाऊस लागला की पाहुणे कमी, मग सुटी. तीही पंचेचाळीस दिवस. मृगाच्या आसपास हमीद माणगाव स्टेशनावर उतरायचा आणि जुलै संपायच्या आत परत जायचा. त्यांच्या मुलीनं, निदानं, एकदा मोबाइलवर गणित करून सांगितलं की चोवीस वर्षांत अब्बा घरी होते ते दिवस सगळे मिळून तीन वर्षंसुद्धा भरत नाहीत. आबिदा म्हणाली, "हे सांगाया कॉलेजात घातली होती व्हय तुला?" आणि धुण्याकडे वळली.

निदा आणि तिचा भाऊ मुआज, दोघंही मार्चात जन्मलेले. गावात परदेशी नोकरी करणाऱ्यांची बरीच मुलं अशीच, बापाच्या सुटीच्या हिशेबानं जन्माला आलेली. बायका आपसात त्यावर हसायच्या. हसण्यापुरतं ठीक होतं. पण मार्च म्हणजे भर हंगाम, त्यामुळे दोन्ही बाळंतपणांत हमीद नव्हता. आबिदाची आई जानेवारीत गेली, तेव्हाही नव्हता. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. सरकत सरकत ती एकदा जून-जुलैत आली आणि चार-पाच वर्षं तिथं रेंगाळली, तेवढ्या ईदी नवरा-बायकोनं एकत्र केल्या. मग ती मे महिन्यात गेली. चंद्रानं दिली तेवढी सवलतही मालकानं दिली नाही, असं आबिदाची सासू म्हणायची, आणि म्हातारी सहसा चुकीचं बोलत नसे.

पहिली काही वर्षं आबिदानं हट्ट धरला, मला एकदा न्या. समुद्राचं तिला काही अप्रूप नव्हतं, तो परसामागंच होता. तिचा माणूस ज्यानं ठेवून घेतला ते ठिकाण तिला बघायचं होतं. हमीद म्हणायचा, "सीझनला मला मान वर करायला फुरसत नाय, तुला कुठं बसवू? आन् पावसात तितं काय बघायचं हाय?" दोन्ही गोष्टी खऱ्या, त्यामुळे भांडताही येईना. तरी एका वर्षी तिनं पासपोर्ट काढला. दहा वर्षांनी एकही शिक्का न पडता त्याची मुदत संपली. मग निदानं मागं लागून नवा काढायला लावला, तेव्हा फोटोला बसताना आबिदानं डोळेही नीट उघडले नाहीत. हौस शिळी झाली होती.

या नोव्हेंबरात हमीद कायमचा परत आला. नव्या मॅनेजरला तरुण माणसं हवी होती. निरोप देताना त्यांनी एक घड्याळ दिलं आणि एक पत्र. दोघांनी पाहुणे म्हणून चार रात्री यावं, येत्या वर्षातला कुठलाही महिना निवडावा, फक्त डिसेंबर संपायच्या आत कळवावं. झालं, सगळी आळी महिना निवडायला बसली. फेब्रुवारी-मार्चात रोजे, ते दोन महिने बाद. शेजारच्या मेहेकनं एप्रिल सुचवला. जी माणसं जन्मात मुरुडच्या पुढं गेली नव्हती त्यांनी तर तारखेसकट सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं? हमीदचं मात्र ठरलेलं होतं. जानेवारी.

आबिदा या निवडीत पडलीच नाही. खरं सांगायचं तर ती दमली होती. सासूचं अंथरूण, कौलं शाकारणं, पोरांच्या शाळा, मुआजला मस्कतच्या विमानात बसवणं, सगळं एकटीनं ओढून आता कुठं माणूस घरी आला, तर त्याची सवय नव्हती. सकाळी सहाला उठून हमीद तिच्या सुऱ्यांना धार लावायचा. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे मांडायचा आणि तिला हळद सापडायची नाही.

"हितं शंभर पाहुणे नायत जेवायला," ती म्हणाली.

"हाताला सवय हाय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पावसातला हमीद तिला माहीत होता. ओल्या छत्रीचा, भजी तळणारा, पागोळ्यांखाली बादल्या लावणारा. हा थंडीतला हमीद तिला परका वाटे. त्याचंही काही वेगळं नव्हतं. गोधड्या कुठल्या पेटीत असतात, सकाळचं ऊन पडवीच्या कुठल्या टोकाला येतं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी आबिदा परसात बोंबील साफ करत बसली होती. हमीद दारात येऊन थांबला. "हा वास कसला येतोय गं?"

"मोहराचा."

"कुणाच्या झाडाचा?"

"तुमच्याच. निदा तीन महिन्यांची होती तवा तुमीच लावलाय तो आंबा."

त्या झाडाचे शेवटचे चार आंबे जूनमध्ये त्यानं दरवर्षी खाल्ले होते. मोहर कधी पाहिलाच नव्हता. तो झाडाखाली गेला आणि वर बघत बराच वेळ उभा राहिला. आबिदाला त्याची कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

तेवढ्यात निदाचा फोन आला. आबिदानं करंगळीनं तो स्पीकरवर घेतला. ती न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात कामाला, बोलणं नेहमी घाईचं. "अम्मी, तुमचा मेल आज पाठवायलाच हवा. जानेवारी लिहू ना?"

आबिदानं मासळीचे हात तसेच वर धरले आणि हमीदला विचारलं, "जूनला कसं असतं वो तितं?"

हमीदनं सवयीनं तोंड उघडलं, पण त्याची यादी एप्रिललाच संपत होती. "पाऊस असतो."

"तुमी बघितलाय?"

"मी कसा बघणार? जूनला मी हितं असायचो ना."

"मग जून लिही," आबिदानं फोनकडे तोंड करून सांगितलं.

"अम्मी, लोक हसतील. अर्धा वेळ खोलीत बसावं लागेल."

हमीद जवळ आला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "अगं, चोवीस वर्षांनी तुला नेतोय, ते काय चिखल दाखवायला? जानेवारीत बघ, एकेक जागा तुला फिरून दाखवीन. आन् जून काय, तेवढाच तर आपला महिना होता. तोपण त्या बेटाला द्यायचा?"

"जानेवारीत तुमी दाखवणार आन् मी तुमच्या मागनं चालणार. ज्याला त्याला तुमी सलाम करणार, आन् कितीतरी वर्षं मी हितं वाट बघत होते तवा तुमी कुठं उभे असायचे, ते मी बघत फिरणार. मला नाय जमायचं आता तेवढं." तिचा आवाज चढला नाही, चढवायला जोरच नव्हता. "बाकी सगळे महिने तुमी त्या बेटाचे होता. जूनला तुमी त्याचे नव्हता, माझे होता. मी येईन तर त्याच महिन्यात येईन."

हमीदनं बायकोच्या पुढ्यातली मासळीची ताटली बाजूला सरकवली, आणि फोन उचलून लेकीला म्हणाला, "लिही बाय जून. तितं तवा कसं असतं ते मला नाय ठाव. आमी दोघं बघून येतो."